कलमांची नातीगोती : करार वाचणाऱ्यांचे प्रश्न

या वेळच्या बहुतेक पत्रांचा सूर एकच आहे. वाचकानं एक कलम नीट वाचलं, त्यावर विसंबून काम केलं आणि वाद उभा राहिल्यावर समोरच्यानं सहा पानं पुढच्या दुसऱ्याच कलमावर बोट ठेवलं. म्हणून या अंकात सुट्या कलमांपेक्षा त्यांच्या आपसातल्या संबंधांबद्दल बोलू. कराराला कोणत्या देशाचा कायदा लागू आहे यावर काही उत्तरं बदलतात. जिथे बदलतात तिथे तसं म्हटलं आहे.

प्रश्न : मुख्य करारात लिहिलंय की बिल मिळाल्यापासून ३० दिवसांत पैसे द्यायचे. परिशिष्ट 'ब'मध्ये ४५ दिवस आहेत. सह्या दोन्हीवर आहेत. कोणतं खरं धरायचं?

आधी प्राधान्यक्रमाचं कलम शोधा. ते बहुधा व्याख्यांच्या पाठोपाठ असतं, नाहीतर अगदी शेवटी 'सर्वसाधारण' या मथळ्याखाली दडलेलं असतं. बांधकामाच्या आंतरराष्ट्रीय करारांत वापरल्या जाणाऱ्या फिडिकच्या (सल्लागार अभियंत्यांचा आंतरराष्ट्रीय महासंघ) १९९९ च्या 'रेड बुक'मध्ये कलम १.५ हेच काम करतं. त्यातला क्रम असा : करारपत्र, स्वीकृतीपत्र, निविदापत्र, विशेष अटी, सर्वसाधारण अटी, तांत्रिक तपशील, नकाशे आणि सगळ्यात शेवटी अनुसूची व बाकीची कागदपत्रं. विशेष अटी सर्वसाधारण अटींच्या वर आहेत, कारण त्या याच कामासाठी ठरवून लिहिलेल्या असतात.

असं कलम सापडलं की प्रश्न बऱ्याचदा तिथेच मिटतो. पण ते कलम जागं होतं ते खरा विरोध असेल तेव्हाच, हे लक्षात घ्या. परिशिष्टातले ४५ दिवस फक्त शेवटच्या बिलाला असतील आणि मुख्य करारातले ३० दिवस दरमहाच्या बिलांना, तर विरोध नाहीच. दोन्ही आपापल्या जागी लागू. विरोध आहे की नाही हे बघायची साधी कसोटी म्हणजे दोन्ही कलमं एकाच वेळी पाळता येतात का. तपशीलात पत्र्याची जाडी किमान १० मिलिमीटर आणि नकाशात किमान १२ असेल, तर १२ लावून दोन्ही पाळली जातात. तुमच्या प्रकरणात मात्र ही कसोटी फसवी आहे. तिसाव्या दिवशी पैसे दिले तर वरवर दोन्ही पाळली गेली. पण देणारा म्हणणार की ४५ दिवस थांबायचा हक्क परिशिष्टानं मला दिला होता, तो गेला. एका कलमानं दिलेला हक्क वापरला की दुसरं कलम मोडत असेल, तर तो खराच विरोध.

प्राधान्यक्रम असूनही घोटाळा होतो तो दोन ठिकाणी. मुख्य करार म्हणतो 'हा करार श्रेष्ठ', आणि नंतर निघालेली वर्क ऑर्डर म्हणते 'या ऑर्डरमधल्या अटी श्रेष्ठ'. मग नंतरचं कोणतं, नेमकं कोणतं, असा वाद घालत बसावं लागतं. यावर इलाज मुख्य करारातच हवा : 'वर्क ऑर्डर ज्या कलमाचा क्रमांक नाव घेऊन बदलेल तेवढंच कलम बदलेल, आणि तेही त्या ऑर्डरपुरतं.' दुसरं म्हणजे दुरुस्तीपत्रं. क्रमाच्या यादीत त्यांचा उल्लेखच नसतो. ती यादीत सगळ्यात वर घाला, त्यातही नवीनतम आधी.

प्राधान्याचं कलमच नसेल तर कायद्याचे अर्थान्वयाचे नियम लागतात. आंतरराष्ट्रीय व्यापारी करारांसाठीची युनिद्र्वा तत्त्वं चांगली मोजपट्टी आहेत, कारण बऱ्याच देशांचे कायदे त्यांच्या आसपास येतात. कलम ४.४ : शब्दांचा अर्थ संपूर्ण कराराच्या प्रकाशात लावा. ४.५ : एखादी अट निकामी ठरेल असा अर्थ लावण्यापेक्षा सगळ्या अटींना काम मिळेल असा लावा. ४.६ : संदिग्ध अट जिनं पुरवली त्या बाजूच्या विरुद्ध अर्थ घ्या. २.१.२१ : छापील ठरावीक अट आणि मुद्दाम ठरवलेली अट यांत मुद्दाम ठरवलेली वरचढ. फ्रेंच नागरी संहितेचं कलम ११८९ही हेच सांगतं, की सगळी कलमं एकमेकांच्या आधारानं वाचायची आणि प्रत्येकाला संपूर्ण दस्तऐवजाशी जुळणारा अर्थ द्यायचा.

तेव्हा मुख्य करार छापील आणि परिशिष्ट या कामासाठी लिहिलेलं असेल, तर पारडं ४५ कडे झुकतं. पण पहिलं बिल अजून थकलं नसेल तर हे सगळं विसरा. एका पानाचं स्पष्टीकरणपत्र करून दोघांनी सही करा. वाद व्हायच्या आधी हे पत्र सहज मिळतं. नंतर त्याच पत्रासाठी महिने जातात.

प्रश्न : 'च्या अधीन राहून', 'काहीही नमूद असले तरी', 'बाध न येता' हे शब्द प्रत्येक करारात दिसतात. यांत खरोखर फरक आहे की नुसती वकिली भाषा?

फरक आहे, आणि चांगला मोठा आहे. कलमांमध्ये वरचढ कोण आणि दुय्यम कोण हे याच शब्दांनी ठरतं.

समजा कलम ५ म्हणतं, 'पुरवठादार ६० दिवसांत माल पोचवेल.' कलम ९ म्हणतं, आवाक्याबाहेरची आपत्ती आली, म्हणजे ज्याला सगळे 'फोर्स मेजर' म्हणतात ते घडलं, तर मुदत तेवढी वाढेल. कलम ५ च्या सुरुवातीला 'कलम ९ च्या अधीन राहून' लिहिलं तर ५ स्वतःहून ९ पुढे मान तुकवतं. कलम ९ च्या सुरुवातीला 'कलम ५ मध्ये काहीही नमूद असले तरी' लिहिलं तर ९ जाऊन ५ ला दाबतं. निकाल एकच. पण फक्त कलम ५ वाचणाऱ्याला पुढे अपवाद आहे हा इशारा पहिल्याच पद्धतीत मिळतो. म्हणून आमचं मत पहिल्या पद्धतीच्या बाजूनं. दोन्हीकडे लिहायची गरज नाही. तसं केलं की पुढच्या दुरुस्तीत एक बदलतं आणि दुसरं तसंच राहतं.

खरा धोका आहे तो 'या करारात काहीही नमूद असले तरी' या सरसकट रूपाचा. असं वाक्य एका करारात एकदाच शोभतं. भरपाईच्या कलमातही तेच आणि दायित्वाच्या मर्यादेच्या कलमातही तेच असलं, तर दोघंही एकमेकांवर कुरघोडी करतात आणि निवाडा न्यायाधीशाच्या किंवा लवादाच्या अंदाजावर जातो. मसुदा हातात आला की संगणकावर 'काहीही' हा शब्द शोधा आणि किती ठिकाणी येतो ते बघा. एकापेक्षा जास्त ठिकाणी दिसला, तर प्रत्येक जागी नेमक्या कलमाचा क्रमांक घालायला लावा.

'बाध न येता' कोणालाच दाबत नाही. 'करार रद्द करण्याच्या हक्काला बाध न येता उशिराची भरपाई मागता येईल' याचा अर्थ दोन्ही हक्क शाबूत. हे शब्द नसले आणि भरपाईच्या कलमात 'हा एकमेव उपाय राहील' असं असलं, तर उशीर कितीही झाला तरी रद्द करण्याची वाट बंद होण्याची शक्यता असते.

राहता राहिलं 'परंतु'. चार वाक्यांच्या लांबलचक कलमाच्या शेवटी 'परंतु' आलं, की तो अपवाद फक्त शेवटच्या वाक्याला की चारही वाक्यांना, हा वाद ठरलेला. अपवादाला स्वतंत्र पोटकलम द्या आणि तो कशाला लागू आहे ते त्यात लिहा.

प्रश्न : आमच्या सॉफ्टवेअर करारात कलम ११ म्हणतं, तिसऱ्या कोणी आमच्यावर दावा केला तर पुरवठादार 'संपूर्ण भरपाई' करेल. कलम १४ म्हणतं, पुरवठादाराचं एकूण दायित्व मागच्या बारा महिन्यांत दिलेल्या शुल्काइतकंच राहील. मग संपूर्ण म्हणजे नक्की किती?

कलम १४ मध्ये ११ ला अपवाद केलेला नसेल, तर 'संपूर्ण' बहुधा १४ च्या मर्यादेइतकंच. 'एकूण दायित्व' या शब्दांत भरपाईही येते, आणि 'संपूर्ण' हा एकटा शब्द ती मर्यादा ओलांडायला सहसा पुरत नाही.

आकडे मांडून बघा. शुल्क दरमहा १ लाख, म्हणजे वर्षाला १२ लाख. चौथ्या महिन्यात कोणीतरी कॉपीराइट भंगाचा दावा केला आणि प्रकरण ४० लाखांवर मिटलं. 'मागच्या बारा महिन्यांत दिलेलं शुल्क' तोवर फक्त ३ लाख. म्हणजे पुरवठादाराकडून ३ लाख, तुमच्या खिशातून ३७. करार नवा असतो तेव्हाच चुका जास्त होतात आणि नेमकी तेव्हाच मर्यादा सर्वांत खाली असते. म्हणून 'दिलेलं' ऐवजी 'दिलेलं किंवा देय असलेलं वर्षभराचं शुल्क, किंवा अमुक ठरावीक रक्कम, यांपैकी जे जास्त असेल ते' असं मागा. ही मर्यादा प्रत्येक दाव्यामागे, दर वर्षामागे की कराराच्या सगळ्या आयुष्यात मिळून, हेही शब्दांत हवं. ते लिहिलेलं नसेल तर पुरवठादार 'एकूण' या शब्दावर बोट ठेवून आयुष्यभराची एकच मर्यादा सांगेल.

आता अपवाद मिळाला असं धरू. इथे फसगत जास्त होते. कलम १४ बहुतेकदा दोन वेगळ्या गोष्टी करतं. १४.१ म्हणतं, अप्रत्यक्ष नुकसान आणि बुडालेला नफा मिळणारच नाही. १४.२ रकमेची मर्यादा घालतं. मग घाईघाईत १४.३ जोडलं जातं : 'कलम ११ खालच्या भरपाईला १४.२ लागू नाही.' १४.१ राहून गेलं! तिसऱ्या पक्षाचा दावा बहुतेकदा त्याच्या बुडालेल्या नफ्याचाच असतो. पुरवठादार म्हणतो, मर्यादा नाही हे कबूल, पण बुडालेला नफा १४.१ नं वगळला आहे. अपवाद मागताना '१४.१ व १४.२ दोन्ही' असं लिहून घ्या. शिवाय तिसऱ्या पक्षाला द्यावी लागलेली रक्कम, तिचं स्वरूप काहीही असो, कलम ११ साठी प्रत्यक्ष नुकसान समजली जाईल, असं एक वाक्य जोडा.

उशिराच्या ठरीव भरपाईचंही बघा. आठवड्याला अर्धा टक्का, कमाल १० टक्के, असं काहीतरी असतं. ती रक्कम १४.२ च्या मर्यादेतून वजा होते का? करार गप्प असेल तर 'एकूण दायित्व' तिलाही गिळतं. १२ लाखांचे १० टक्के म्हणजे १ लाख २० हजार उशिरातच गेले, तर पुढच्या मोठ्या नुकसानीला तेवढी जागा कमी. शिवाय ठरीव आकडा म्हणजे सगळीकडे पक्का आकडा असंही नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा आहे. मिळते ती तिच्या आतली वाजवी भरपाई. इंग्लंडमध्ये २०१५ च्या मकदेसी निकालापासून कसोटी वेगळी आहे : भरपाई मागणाऱ्या बाजूच्या न्याय्य हितसंबंधाच्या मानानं ती रक्कम अवाजवी आहे का?

विम्याच्या कलमाबद्दल मोठा गैरसमज आहे. कलम २० मध्ये पुरवठादारानं ५० लाखांचा विमा घ्यायचा, म्हणून ५० लाख मिळतील, असं नाही. मर्यादा ३ लाखच असेल तर विमा कंपनीही ३ लाखांपुरतीच. मात्र छापील अटींचा वाजवीपणा तपासताना विमा जमेस धरला जाऊ शकतो. सेंट अल्बन्स नगरपरिषद विरुद्ध आयसीएल या इंग्लंडमधल्या खटल्यात पुरवठादाराची मर्यादा १ लाख पौंड होती आणि विमा ५ कोटी पौंडांचा. न्यायालयानं ती मर्यादा अवाजवी ठरवली आणि १९९६ मध्ये अपील न्यायालयानं मर्यादेचा आधार नाकारणं कायम ठेवलं. भरवसा ठेवावा असा हा उपाय नव्हे. १४.२ मध्येच 'विम्याची रक्कम किंवा शुल्क, यांपैकी जे जास्त' लिहून घेणं हाच सरळ मार्ग.

आणि काही दायित्वं कोणत्याही कलमानं झाकता येत नाहीत. जर्मन नागरी संहितेच्या कलम २७६(३) प्रमाणे हेतुपुरस्सर केलेल्या कृत्याचं दायित्व आधीच माफ करता येत नाही. युनिद्र्वाचं ७.१.६ म्हणतं, उघडउघड अन्याय होत असेल तिथे दायित्व झटकणाऱ्या अटीचा आधार घेता येणार नाही.

थोडक्यात, कलम ११ ची किंमत काढायची तर आधी कलम १ मधली 'नुकसान' शब्दाची व्याख्या, मग ११, मग १४.१, १४.२ आणि त्यांचे अपवाद, मग ठरीव भरपाई, मग विमा, अशा क्रमानं पानं उलटा. वाटेत 'दावा कळल्यापासून १५ दिवसांत कळवले नाही तर भरपाई नाही' अशी अट दिसली तर तिच्यावर खूण करा. रकमेवरच्या सगळ्या वाटाघाटी तिच्यापुढे फुकट जातात.

प्रश्न : सल्लागारीचा करार संपला. गोपनीयतेचं कलम ८ 'कायमस्वरूपी' म्हणतं, पण शेवटी 'करार संपल्यावर कलमे ८, १२ व १५ दोन वर्षे चालू राहतील' असं आहे. गोपनीयता दोन वर्षांनी संपते का?

दोन्ही बाजूंना बोलायला जागा आहे, आणि तोच या मसुद्याचा दोष. एक बाजू म्हणेल, गोपनीयतेबद्दलचं खास कलम ८, म्हणून तेच चालणार. दुसरी म्हणेल, करार संपल्यानंतरचा काळ हा शेवटच्या कलमाचाच खास विषय आहे. आमच्या मते 'कायमस्वरूपी' हा शब्द पूर्ण फुकट जाणार नाही असा अर्थ लावण्याकडे कल राहील. पण खात्री देता येत नाही. नव्या करारात शेवटच्या कलमात मुदत घालूच नका. 'त्या त्या कलमात दिलेल्या मुदतीपर्यंत चालू राहतील' एवढंच लिहा.

यादीत जे नाही त्याचं काय, हा पुढचा प्रश्न. ८, १२, १५ ची नावं घेतली आणि दायित्व मर्यादेचं कलम १४ राहिलं, तर समोरचा म्हणणार की ते मुद्दामच सोडलं. व्याख्यांचं कलम १ तर जवळजवळ नेहमी विसरलं जातं : कलम ८ जिवंत आणि 'गोपनीय माहिती' म्हणजे काय हे सांगणारं कलम मेलेलं, अशी अवस्था. यादीच्या शेवटी 'आणि स्वरूपावरून करारानंतर चालू राहणं अभिप्रेत असलेली इतर कलमे' जोडलं की हा वाद बराचसा निवतो.

वाद सोडवण्याच्या कलमाला मात्र कायदाच आधार देतो. मालाच्या आंतरराष्ट्रीय विक्रीवरचा संयुक्त राष्ट्रांचा १९८० चा करार कलम ८१ मध्ये सांगतो की करार रद्द झाला तरी वाद मिटवण्याची तरतूद आणि रद्दीनंतरच्या हक्क-कर्तव्यांच्या तरतुदी टिकतात. लवादाच्या कलमाला तर मुख्य करारापासून स्वतंत्रच मानतात. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं १९४२ मध्ये हेमन विरुद्ध डार्विन्स प्रकरणात करारभंगामुळे करार सोडून दिला तरी लवादाचं कलम जिवंत राहतं असं म्हटलं, आणि युनसिट्राल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या लवादाविषयीच्या १९८५ च्या नमुना कायद्याच्या कलम १६ नं हे तत्त्व जगभर नेलं. करार रद्दबातल आहे असं लवादानं ठरवलं तरी तेवढ्यानं लवादाचं कलम आपोआप रद्द होत नाही.

मुदत, नूतनीकरण आणि समाप्ती एकाच वाक्यात कोंबू नका. कॅनडात रॉजर्स आणि अलायंट या दूरसंचार कंपन्यांमधल्या २००२ च्या खांब वापरण्याच्या करारात असंच एक वाक्य होतं : पाच वर्षं, त्यानंतर पुन्हा पाच-पाच वर्षं, एक वर्षाच्या नोटिशीनं संपवेपर्यंत. नोटिशीची सोय पहिल्या पाच वर्षांनाही लागू की फक्त नंतरच्या? एका स्वल्पविरामाच्या आधारे दूरसंचार नियामकानं २००६ मध्ये 'पहिल्यालाही' म्हटलं. २००७ मध्ये फ्रेंच प्रत बघून निर्णय फिरवला. तीन पोटकलमं केली असती आणि नोटीस कोणत्या काळाला लागू ते तिसऱ्यात लिहिलं असतं, तर प्रकरण उद्भवलंच नसतं.

प्रश्न : दुरुस्ती करताना आम्ही कलम ७ काढून टाकलं. आता पुढचे सगळे क्रमांक सरकले आहेत. काही बिघडतं का?

बरंच बिघडतं. जुनं ८ आता ७ झालं. पण परिशिष्टं, वर्क ऑर्डरी, बँक हमी आणि आधी पाठवलेल्या नोटिसा अजून 'कलम ८' च म्हणतात. त्यांचं बोट आता भलत्याच कलमावर आहे. सह्या झालेल्या करारात क्रमांक कधी सरकवू नयेत. '७. (वगळले)' असं लिहून जागा रिकामी ठेवा. मध्ये नवं कलम हवं असेल तर '७अ' करा.

मसुदा अजून चर्चेत असेल तर क्रमांक सरकले तरी चालतं, फक्त संदर्भ तपासायचे. वर्डमध्ये हातानं टाइप केलेले क्रमांक आपोआप बदलत नाहीत. क्रॉस-रेफरन्सची सोय वापरून घातलेले बदलतात, पण तेही सगळा मजकूर निवडून एफ-नाइन दाबल्यावर. ज्या कलमाकडे संदर्भ होता तेच काढलं असेल तर तिथे 'एरर! रेफरन्स सोर्स नॉट फाउंड' असं उमटतं, आणि सह्या झालेल्या करारांतही ते छापलेलं सापडतं. सहीच्या आधी 'एरर' शोधा. मग 'कलम', 'परिच्छेद', 'परिशिष्ट', 'अनुसूची' हे शब्द एकेक शोधा. प्रत्येक संदर्भाशी थांबून तो नेमका कुठे जातो हे उघडून बघा. क्रमांक अस्तित्वात आहे एवढ्यावर समाधान मानू नका. त्या क्रमांकाखाली अपेक्षित विषय आहे ना, ते महत्त्वाचं.

व्याख्या बदलणं याहून नाजूक. 'सेवा' या शब्दाच्या व्याख्येत 'देखभाल' घातली, की सेवा शब्द जिथे जिथे आहे तिथे सगळीकडे फरक पडतो : शुल्क, उशिराची भरपाई, हमी, दायित्वाची मर्यादाही. एका शब्दाच्या बदलानं वर्षाचं शुल्क वाढतं आणि त्याबरोबर मर्यादाही वर चढते, हे दोन्ही पक्षांच्या ध्यानात येत नाही. व्याख्या बदलण्याआधी तो शब्द किती ठिकाणी येतो ते मोजा आणि प्रत्येक जागी नवी व्याख्या घालून वाक्य मोठ्यानं वाचा. शिवाय व्याख्या करूनही कुठेच न वापरलेले शब्द आणि वापरूनही व्याख्या न केलेले शब्द, अशा दोन याद्या काढा. दुसऱ्या यादीत नाव निघालं तर सहसा दुसऱ्या करारातून कलम उचलून चिकटवलेलं असतं.

दुरुस्तीपत्रात 'तिसऱ्या ओळीतला अमुक शब्द काढून तमुक घालावा' असली भाषा टाळा. 'कलम ७.२ च्या जागी पुढील मजकूर वाचावा' म्हणून पूर्ण पोटकलम नव्यानं लिहा. आणि 'बाकी सर्व कलमे जशीच्या तशी राहतील' हे वाक्य ठेवाच. ते नसलं की दुरुस्तीनं कशाकशाला हात लागला यावरच वाद होतो.

प्रश्न : करार संपवण्याची नोटीस आम्ही ईमेलनं दिली. ती पोचलीही. समोरचे म्हणतात, नोटिशीच्या कलमात फक्त टपाल आहे.

नोटिशीचं कलम शेवटच्या पानांवर असतं म्हणून दुय्यम वाटतं, पण समाप्ती, भरपाई, मुदतवाढ, नूतनीकरण ही सगळी त्याच्या दारातून जातात. म्हणून कोणतीही मुदत मोजण्याआधी तीन गोष्टी बघा : कोणत्या मार्गानं, कोणत्या पत्त्यावर आणि 'मिळाली असं मानण्याचा' दिवस कोणता. फिडिकच्या १९९९ च्या आवृत्तीत दाव्याची नोटीस २८ दिवसांत दिली नाही तर ठेकेदाराचा जादा वेळेचा आणि पैशांचा हक्क जातो. १९९७ च्या मॅनाई प्रकरणात भाडेकरूनं १३ ऐवजी १२ जानेवारी लिहिलेली नोटीस हाउस ऑफ लॉर्ड्सनं वैध मानली, कारण वाचणाऱ्याला हेतू कळत होता. पण त्याच निकालात लॉर्ड हॉफमन यांनी बजावलं की कलमात निळा कागद म्हटला असेल तर गुलाबी कागदावरची नोटीस कितीही स्पष्ट असली तरी चालणार नाही. मजकुरातली चूक पोटात घातली जाते, मार्गातली सहसा नाही. मुदत शिल्लक असेल तर आजच टपालानं पुन्हा पाठवा, पहिल्या नोटिशीवरचा हक्क न सोडता. तसं पत्रात लिहा.

प्रश्न : 'हा करार म्हणजे पक्षांमधील संपूर्ण समझोता' या कलमामुळे आधीचे ईमेल बाद होतात का? आणि आधीचा गोपनीयता करार?

ईमेलमधली आश्वासनं कराराच्या अटी म्हणून बाद होतात. संदिग्ध अटीचा अर्थ लावायला ते वापरता येतात की नाही हे कायद्यानुसार बदलतं, युनिद्र्वाचं २.१.१७ वापरू देतं. गोपनीयता करार ही खरी डोकेदुखी. 'याआधीचे सर्व करार रद्द' असं त्या कलमात असेल आणि नव्या करारात गोपनीयतेचं कलम तोकडं असेल, तर वाटाघाटींच्या काळात दिलेली माहिती उघडी पडते. 'अमुक तारखेचा गोपनीयता करार वगळता' एवढे शब्द घाला.

याच्या शेजारीच सहसा 'लेखी दुरुस्तीशिवाय बदल नाही' हे कलम असतं. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयानं २०१८ च्या रॉक ॲडव्हर्टायझिंग प्रकरणात अशा कलमाला पूर्ण बळ दिलं. तोंडी ठरलेलं हप्त्यांचं वेळापत्रक चाललं नाही. विक्रीविषयक १९८० च्या आंतरराष्ट्रीय कराराचं कलम २९ थोडं मऊ आहे : तुमच्या वागण्यावर समोरचा विसंबला असेल तर तेवढ्यापुरतं तुम्हाला या कलमामागे लपता येत नाही.

प्रश्न : एक कलम बेकायदा ठरलं तर सगळा करार बुडतो का?

पृथक्करणाचं कलम, म्हणजे एक कलम रद्द झालं तरी बाकीची टिकतील असं सांगणारं कलम असेल, तर सहसा नाही. ते नसेल तर देशावर अवलंबून : जर्मन संहितेचं कलम १३९ मुळात संपूर्ण व्यवहार रद्द धरतं, त्या भागाशिवायही तो केला गेला असता असं दिसलं तरच उरलेला वाचतो; छापील अटींबाबत मात्र कलम ३०६ प्रमाणे बाकीचा करार टिकतो.

पण पृथक्करणाच्या कलमावर डोळे झाकून विसंबू नका. स्पर्धा न करण्याची अट मान्य केली म्हणून जादा मोबदला ठरला, आणि ती अट रद्द झाली, तर जादा मोबदला तसाच राहतो का? नेहमीचं 'उर्वरित कलमे वैध राहतील' हे वाक्य 'हो' म्हणतं. अशी जोडीनं ठरलेली कलमं असतील तर पृथक्करणाच्या कलमातच लिहा की कलम १० गेलं तर कलम ६.३ ही जाईल.